जुन्या जीपचं स्टिअरिंग खड्ड्यानंतर थरथरतं, पार्ट बदलूनही पुन्हा सुरू होतं: नेमकं कुठं बघायचं

लक्षण असं. जीप चाळीस-पन्नासच्या स्पीडला सरळ, शहाण्यासारखी चाललेली असते. पुलाचा जॉइंट येतो, रस्त्यात आडवा चर येतो, नाहीतर एकाच चाकाखाली खड्डा येतो. तेवढ्या एका धक्क्याने पुढची दोन्ही चाकं डावी-उजवीकडे इतक्या जोरात उडायला लागतात की स्टिअरिंग हातात ठरत नाही. गाडी जवळजवळ थांबवली की सगळं शांत, पुन्हा स्पीड घेतला की पुन्हा व्यवस्थित, ते पुढचा खड्डा येईपर्यंत. गॅरेजमध्ये टाय रॉडचे एंड बदलून दिले जातात, काही दिवस बरं वाटतं आणि एखाद्या उतारावर तेच सुरू होतं. मग अलाइनमेंट, मग नवे बुश, शेवटी स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे हेलकावे दाबणारा शॉक अ‍ॅब्सॉर्बर). तरीही दुखणं परत येतं.

सातारा जिल्ह्यात अशा जीपा बऱ्याच आहेत. काही मिलिटरीच्या लिलावातून आलेल्या, काही पाटण-ढेबेवाडी किंवा मेढा-बामणोली भागात वर्षानुवर्षं वडाप मारून थकलेल्या. आता हौशी लोक त्या घरी आणतात, अंगणात खोलतात, पत्र्याचं काम आणि रंग करून घेतात, मोठे टायर चढवतात आणि कासकडे निघतात. इंजिनावर जीव ओतलेला असतो, पण पुढच्या अ‍ॅक्सलच्या पोटात हात घातलेला नसतो. थरथरीचं मूळ बहुतेक वेळा तिथंच असतं.

इथून पुढचं मुख्यतः सीजे-थ्रीबी समोर ठेवून लिहितो. अमेरिकेच्या विलीज कंपनीने ही जीप १९५३ मध्ये आणली. नवं हरिकेन इंजिन उंच होतं म्हणून तिचं बॉनेटही उंच झालं. महिंद्राने ती आपल्याकडे पुढे कितीतरी वर्षं बनवली. सलग पुढचा अ‍ॅक्सल आणि पाटे (लीफ स्प्रिंग) असलेल्या इतर जुन्या गाड्यांनाही यातलं बरंचसं लागू पडतं, फक्त आकडे आपापल्या मॅन्युअलमधले घ्या.

आधी, गाडी चालवताना हे सुरू झालं तर काय करायचं. अंगठे स्टिअरिंगच्या आऱ्यांत अडकवू नका, बाहेर ठेवा. स्टिअरिंग घट्ट धरा, पण त्याच्याशी झटापट करू नका. पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढा आणि हलक्या ब्रेकने स्पीड उतरवा. जोरात ब्रेक दाबला की वजन पुढे येतं आणि थरथर आणखी वाढू शकते. ज्या गाडीला हे एकदा जरी झालंय ती खंबाटकीच्या नाहीतर पसरणीच्या उतारावर कुटुंबाला बसवून नेऊ नये. नळी गळते, हॉर्न वाजत नाही, त्या रांगेत बसणारी ही तक्रार नव्हे.

आता हे होतं कसं, तेवढं समजून घेतलं तर तपासणी सोपी जाते. पुढचं चाक किंगपिनभोवती, म्हणजे अ‍ॅक्सलच्या टोकाच्या उभ्या सांध्याभोवती, वळतं. दोन्ही चाकं टाय रॉडने एकमेकांना जोडलेली असतात आणि दोन्ही एकाच सलग अ‍ॅक्सलवर बसलेली असतात. एक चाक खड्ड्यात गेलं की अख्खा अ‍ॅक्सल तिरका होतो, आणि फिरतं चाक तिरकं झालं की ते आपोआप वळायलाही बघतं. वळलं की टायर त्याला परत सरळ ओढतो, पण ते सरळपाशी न थांबता पलीकडे जातं. ही ये-जा मारायला किंगपिनमध्ये पुरेसा कडकपणा असेल तर एक-दोन हेलकाव्यांत सगळं थांबतं. तो कडकपणा गेला असेल तर प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो. म्हणजे खड्डा फक्त निमित्त. १९२० च्या दशकात कमी हवेचे मऊ टायर आले तेव्हा सलग अ‍ॅक्सलच्या मोटारगाड्यांना या दुखण्याने हैराण केलं होतं, आणि पुढे मोटारींची पुढची चाकं वेगवेगळी टांगायला लागले त्यामागे हेही एक कारण होतं. जीपला मात्र डोंगरात सलग अ‍ॅक्सलच हवा. म्हणून तिच्या सांध्यांची काळजी आपल्यालाच घ्यावी लागते.

तपासणीची सुरुवात फुकटातल्या गोष्टीपासून करा. पुढची चाकं मागे आणि मागची पुढे टाका, हवा दोन्ही बाजूंना सारखी भरा आणि चालवून बघा. थरथरीचा स्वभाव बदलला, म्हणजे आता ती वेगळ्या स्पीडला येते किंवा येतच नाही, तर चाकांत दोष आहे. महिनोन् महिने शेडमध्ये एका जागी उभ्या राहिलेल्या जीपचे टायर खालून चपटे बसतात. वडापच्या जीपचे रिम तर वाकलेले असणारच असं धरून चाला. पुढचं चाक जॅकवर उचला, रिमच्या कडेजवळ स्क्रू ड्रायव्हर टेकवून धरा आणि चाक फिरवा. टोक आणि रिम यांमधली फट कमी-जास्त होताना डोळ्यांनी दिसते.

स्वभावावरून आणखी थोडं ओळखता येतं. एका ठरावीक स्पीडला येऊन पुढे आपोआप जाणारी थरथर बहुतेक टायर-रिमची असते. फक्त ब्रेक दाबल्यावर येणारी ड्रमची. फोर-व्हील टाकल्यावर वळणावर स्टिअरिंग ठोके देत असेल तर अ‍ॅक्सलच्या आतला जॉइंट बघा. खड्ड्यानंतर सुरू होऊन गाडी थांबेपर्यंत न जाणारी थरथर ही आपली आजची, आणि ती ढिलाईची असते.

चाक जॅकवर असतानाच ते वर आणि खाली धरून हलवा. खट-खट लागली तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खटखट गेली तर ती हबच्या बेअरिंगची होती, कारण ब्रेक लागला की ड्रम आणि नकल (किंगपिनभोवती वळणारा चाकाचा आधार) एकमेकांना धरतात. ब्रेक दाबूनही राहिली तर किंगपिन. या साध्या परीक्षेवर माझा फार भरवसा आहे, कारण हब आणि किंगपिन यांतला घोळ हाच पैसे वाया जाण्याचा सगळ्यात मोठा मार्ग आहे. हबची ढिलाई असेल तर आतला नट चाक फिरवत फिरवत ते जड होईपर्यंत कसायचा, मग साधारण एक षष्ठांश फेरा मागे घ्यायचा, लॉक वॉशर घालून बाहेरचा नट कसायचा. चाक मोकळं फिरलं पाहिजे आणि हलता कामा नये.

मग चाकं जमिनीवर टेकवा. एकाला आत बसवून स्टिअरिंग थोडं-थोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा, चाकं वळतील इतकं नाही. तुम्ही गाडीखाली पुढून शिरा आणि एकेका सांध्यावर बोटांची टोकं ठेवा, अशी की एक बोट सांध्याच्या अलीकडच्या भागावर आणि एक पलीकडच्या भागावर राहील. डोळ्यांना न दिसणारी ढिलाई बोटांना कळते. स्टिअरिंग बॉक्सचा आर्म, ड्रॅग लिंकची दोन टोकं, मधला बेल क्रँक, टाय रॉडचे एंड, पाट्याचे शॅकल (पाट्याचं टोक चॅसीला टांगणारे दुवे), आणि बॉक्स चॅसीला जिथं बोल्ट केलाय ती जागा. बॉक्सचे बोल्ट कसलेले वाटतात, पण चॅसीच्या पत्र्यालाच तडा गेलेला असतो. रंगाखाली तो दिसत नाही. बोटांना मात्र दर हेलकाव्याला बॉक्स चॅसीपासून केसभर सुटतो ते लागतं.

सीजे-थ्रीबीचा बेल क्रँक हा स्वतंत्र विषय आहे. बॉक्सकडून येणारी ड्रॅग लिंक पुढच्या क्रॉस मेंबरवरच्या बेल क्रँकला फिरवते आणि त्याच्यापासून दोन टाय रॉड दोन चाकांकडे जातात. म्हणजे बेल क्रँकच्या पिनमध्ये आलेली थोडीशी झीजही चाकापाशी मोठी होऊन पोचते. त्यात बारीक सुयांचं बेअरिंग असतं. ग्रीस वर्षानुवर्षं न मिळाल्याने सुया गंजून पिनला खळगे पडतात. नुसत्या नव्या सुया घालून उपयोग नाही, पिनही नवी हवी. किट मिळाला नाही तर लेथवाल्याकडून पिन आणि गनमेटलचा बुश करून घेता येतो. साताऱ्याच्या एमआयडीसीत असं काम करणारे आहेत, कोल्हापूरचं उद्यमनगर तर याच कामासाठी प्रसिद्ध आहे. बुश बसवल्यावर ग्रीसचा निपल आणि आत ग्रीस जायला खाच ठेवली आहे का, हे लेथवरच तपासा. घरी आणल्यावर ते सुधारता येत नाही.

हे सगळं होऊनही दुखणं परत येत असेल, आणि बहुतेकांचं इथंच परत येतं, तर किंगपिन उघडा.

या अ‍ॅक्सलला दोन्ही टोकांना गोळा असतो आणि त्यावर नकल बसलेली असते. वर आणि खाली एकेक टेपर बेअरिंग, त्यावर झाकण, झाकणाखाली शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या. बेअरिंग खटखट करत नाही म्हणून ते चांगलं, असा समज आहे आणि तोच आपल्याला फसवतो. किंगपिनला नुसती ढिलाई नसून चालत नाही, त्याच्यावर ठरलेला ताण लागतो. टाय रॉड सोडवून चाक काढलं आणि नकल एका बोटाने झोपाळ्यासारखी डुलली, तर खटखट असो वा नसो, ती थरथर थांबवू शकणार नाही.

झाकण उघडल्यावर बेअरिंगची वाटी कापडाने नीट पुसा आणि उजेडात तिरकी धरा. जुन्या जीपमध्ये तिच्यावर ठरावीक अंतराने आडवे, चकचकीत ओरखडे दिसतात, रोलर जिथं सरळ चाकाच्या स्थितीत वर्षानुवर्षं आपटत राहिले तिथं. नख फिरवलं की नख अडकतं. अशा वाटीवर नकल सरळ स्थितीत खाचेत बसते आणि खाचेतून बाहेर पडली की सैल होते. तिथं कितीही शिम कमी केले तरी उपयोग नाही, बेअरिंग आणि वाटी दोन्ही बदलावं लागतं. खालच्या बेअरिंगभोवती तांबूस गाळ असेल तर आत पाणी शिरलेलं आहे. पावसाळ्यात जावळी-पाटणच्या ओढ्यांतून आणि भाताच्या खाचरांतून गेलेल्या जीपला हे हमखास होतं, कारण गोळ्यावरचं सील झिजलेलं असतं, आणि गोळ्यावरच गंजाचे खड्डे असतील तर नवं सीलही टिकत नाही. गोळा पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. खड्डे खोल असतील तर तो मशिन शॉपला दाखवून घ्या. पाण्यातून गाडी काढल्यावर नकलचा भरायचा प्लग उघडून बघायची सवय लावा. आतलं वंगण दुधाळ दिसलं तर त्याच आठवड्यात बदला.

ताण मोजायला महागडं साधन लागत नाही. बॅगेचं वजन करायचा हुकाचा काटा चालतो, शाळेच्या प्रयोगशाळेतला तानकाटा असेल तर उत्तमच. चाक काढलेलं, टाय रॉड सोडवलेला आणि गोळ्यावरचं सील मागे सारलेलं हवं. टाय रॉड जिथं बसतो त्या आर्मच्या भोकात हुक घालायचा आणि आर्मशी काटकोनात, एकसारख्या गतीने ओढायचं. नकल सुटताना दिसणारा आकडा घ्यायचा नाही, ती फिरत असताना दिसतो तो घ्यायचा. आपल्या अ‍ॅक्सलच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा दिलेली असते. कमी भरला तर शिम काढा, जास्त भरला तर घाला. शिम वर आणि खाली सारखे ठेवा, नाहीतर आतला अ‍ॅक्सल शाफ्ट मध्यावर राहत नाही आणि नवीनच काम निघतं. दोन्ही चाकांचे आकडे जवळपास सारखे आले पाहिजेत. सील लावल्यावर मोजू नका, सीलचं घर्षण आकडा फुगवतं आणि बेअरिंग सैल असतानाही सगळं ठीक वाटतं.

टो-इन, म्हणजे दोन्ही चाकं पुढून किंचित आत वळलेली असणं, घरी मोजता येतं. पुढचं चाक उचलून फिरवा आणि टायरच्या मध्यावर खडू लावून खिळ्याने एक बारीक रेघ पाडा, दोन्ही चाकांवर. गाडी खाली घ्या, दोन पावलं पुढे ढकला, मग हबच्या उंचीवर दोन रेघांमधलं अंतर पुढून आणि मागून मोजा. पुढचं अंतर थोडं कमी हवं. विलीजचा आकडा ३/६४ ते ३/३२ इंच आहे, म्हणजे साधारण १.२ ते २.४ मिलिमीटर. जुन्या जीपला टो-इन जास्त ठेवलं की ती सरळ चालते असं काहीजण सांगतात. त्याने ढिलाई थोडी दडते आणि टायर सपाट्याने झिजतात.

आता मॉडिफिकेशनचं, कारण घरी जीप बनवताना थरथर बऱ्याचदा आपणच विकत घेतो.

किंगपिनचं वरचं टोक खालच्यापेक्षा किंचित मागे झुकलेलं असतं. विलीजला ते ३ अंश. याला कॅस्टर म्हणतात, आणि त्यामुळेच वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येतं. सीजे-थ्रीबीच्या पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला आहे. उंची मिळवायला लोक लांब शॅकल टाकतात. त्याने पाट्याचं पुढचं टोक चॅसीपासून खाली जातं, अ‍ॅक्सलचा माथा पुढे कलतो आणि कॅस्टर कमी होतो. जीप उंच दिसते, पण स्टिअरिंग सरळ यायचं विसरतं आणि खड्डा लागला की उडतं. इलाज म्हणून पाटा आणि अ‍ॅक्सल यांमध्ये टेपर पाचर घालतात. या गाडीत पाटा अ‍ॅक्सलच्या खालून जातो, म्हणून पाचरीची जाड बाजू पुढे येते. मात्र तेवढ्याच अंशांनी डिफरन्शियलचं नाक खाली जातं आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटचा कोन वाढतो. म्हणून मी लांब शॅकलच्या विरोधात आहे. उंची हवीच असेल तर कमान वाढवलेले चांगले पाटे करून घ्या. घातल्यावर, गाडी सपाट जागेवर उभी करून मोबाइलचा कोनमापक किंगपिनच्या झाकणावर पुढून-मागे ठेवून दोन्ही बाजू मोजा.

टायरचंही तसंच. या जीपला मूळ टायर ६.०० × १६ चा, अरुंद आणि उंच. रुंद टायर आणि बाहेर आलेले रिम घातले की चाकाचा मध्य किंगपिनच्या रेषेपासून लांब जातो. प्रत्येक खड्डा मग जास्त लांब तरफेने स्टिअरिंगला झटका देतो आणि जड चाकाचा हेलकावाही जड असतो. किंगपिन, बेल क्रँक, बॉक्स या सगळ्यांचं आयुष्य त्याने घटतं. रुंद टायरची हौस असेल तर निदान रिम असे निवडा की चाक आत राहील, आणि वर सांगितलेली सगळी तपासणी टायर चढवायच्या आधी करा.

कागदपत्रांचा विचारही इथंच करा. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला मूळ तपशील बदलेल असा फेरफार चालत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. तुमची जीप पन्नास वर्षांहून जुनी असेल आणि २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी करायचा विचार असेल, तर चॅसी, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठे बदल करून बसू नका. त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

डॅम्परबद्दल. गॅरेजमध्ये हमखास ऐकायला मिळतं, "दादा, डॅम्पर टाका, गप बसतंय बघा." गप बसतं हे खरं. डॅम्पर थरथर दाबतो आणि खाली किंगपिन झिजत राहतं. डॅम्पर स्वतः थकला की एके दिवशी सगळं एकदम बाहेर येतं, तेही आधीपेक्षा जास्त ढिलाई घेऊन. माझं म्हणणं एवढंच की डॅम्पर काढून जीप खड्ड्यावरून नीट गेली पाहिजे. ती जात असेल तर मोठ्या टायरसाठी वर डॅम्पर लावायला हरकत नाही.

पाट्यांचं काम करताना दोन गोष्टी विसरल्या जातात. शॅकलचे बुश आट्याचे असतील तर त्यातले काही उलट्या आट्याचे असतात. सोडवताना जोर लावण्याआधी दिशा बघा आणि कोणता कुठला ते खूण करून ठेवा. दुसरी गोष्ट यू-बोल्ट. नवे पाटे बसतात, दबतात आणि यू-बोल्ट सैल पडतात. मग अ‍ॅक्सल पाट्यावर मागे-पुढे सरकतो, सेंटर बोल्ट एकटा सगळा भार घेतो आणि एखाद्या दिवशी तुटतो. काम झाल्यावर पहिल्या शे-दोनशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा कसा, त्याच वेळी हबचा नट आणि टाय रॉडचे क्लॅम्पही बघा.

चाचणी एकट्याने करा, सकाळी, रस्ता मोकळा असताना. तीसला सुरुवात करा, मग पस्तीस, मग चाळीस, दरवेळी तोच एक ओबडधोबड पट्टा घेऊन. सर्व्हिस रोडवरचा एखादा चर पुरतो. तिथं स्टिअरिंग एकदा झटका देऊन लगेच शांत होत असेल तरच हायवेवर वेण्णेच्या पुलाचा जॉइंट घ्या, आणि तोही आधी डाव्या लेनमधून. झटक्यानंतर दोन-तीनपेक्षा जास्त हेलकावे आले तर परत घरी या, टाय रॉड सोडवा आणि काटा पुन्हा लावा. बेअरिंग नवीन असली तर ती बसल्यावर ताण थोडा उतरतो, आणि एखादा शिम कमी करावा लागतो.